तोंड जरा बाजूला घ्या, बाई

संत्री तोडायला जायचं आणि त्यासाठी तिकीट काढायचं, हे ऐकल्यावर दोनकापीने हातातली कपबशी खाली ठेवली आणि सुनेकडे असं पाहिलं, की सुनेला वाटलं आपण काहीतरी अभद्र बोललो.

"माणशी तिकीट आहे, आई. मग ते पिशवी देतात. तिच्यात मावतील तेवढी तोडायची."

"म्हणजे तोडायची आपण?"

"हो."

"आणि पैसेही आपणच द्यायचे?"

"अहो, मजा असते ती. लोक लांबून लांबून येतात."

"एकतीस वर्षं केली मी ही मजा," दोनकापी म्हणाली. "पण मजा चाललीय हे कोणी सांगितलं नाही मला. सांगितलं असतं तर अधूनमधून हसले तरी असते."

सून हसली. दवाखान्याच्या खिडकीवर दिवसभर आजारी माणसांची बोलणी ऐकून तिची कातडी जाड झाली होती, सासूच्या बोलण्याने ती खरचटत नसे. नऊ वर्षांची नात मात्र लगेच सरसावली. कुठल्याही गोष्टीला पुरावा मागायची सवय असल्यामुळे घरात तिचं नाव वकील पडलं होतं.

"आजी, एकतीस वर्षांत किती संत्री तोडलीस?"

"मोजली असती तर तोडायची राहिली असती."

मुलगा दाराशी बसून बूट पुसत होता. तो एवढंच म्हणाला, "चल ना आई. चार वर्षं झाली तुला बाग सोडून. बघून येऊ."

मुलगा आपणहून कुठे चल म्हणाला, असं गेल्या कित्येक दिवसांत झालं नव्हतं. ज्या दुकानाचा माल तो आपल्या गाडीतून पोचवायचा ते दुकान बंद झालं, तेव्हापासून तीन महिने गाडी दारात उभी होती. चाकांखाली गवत उगवलं होतं, आणि तसंच काहीसं त्याच्या तोंडावरही. तो चल म्हणतोय म्हटल्यावर दोनकापी विरघळली. जाताना तिने स्वयंपाकघरातला खण उघडला, चमच्यांच्या मागे फडक्यात गुंडाळून ठेवलेली कात्री काढली आणि पिशवीत टाकली. त्या कात्रीला घरात कोणी हात लावायचा नाही, असा कायदाच होता. नखं कापायला नाही, दोरा तोडायला नाही, कशालाच नाही.

दोनकापी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बागेने ठेवलं, आणि ठेवलं ते हिणवायला.

एकोणिसाव्या वर्षी ती नदीपलीकडच्या त्या बागेत कामाला लागली. सगळे तोडतात तशी तीही तोडायची. कात्रीने देठ कापायचा, फळ टोपलीत, टोपली पेटीत. पहिल्याच हंगामात तिची एक पेटी गोदामात सडली. वरून चांगली, आत हिरवी बुरशी. मुकादमाने ती पेटी सगळ्यांसमोर तिच्या पायाशी आदळली. "घे, तुझी कमाई. घरी नेऊन लोणचं घाल."

दुसरी कोणी असती तर पेटी नाल्यात रिकामी करून, मुकादमाच्या सात पिढ्या उद्धरून मोकळी झाली असती. दोनकापी शेडच्या मागे जाऊन बसली आणि एकेक संत्रं काढून, पुसून, ओळीने मांडत गेली. नाकाला रुमाल बांधून तिने दुपार घालवली. संध्याकाळपर्यंत तिला कळलं, की सडलेल्या प्रत्येक संत्र्याला कुठेतरी टाचणीएवढं भोक आहे. आणि त्या भोकाला लागून जे संत्रं होतं, त्याचा देठ लांब राहिलेला, खिळ्यासारखा. एकाचा देठ दुसऱ्याच्या पोटात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलेलं, आणि नाव मात्र हवेचं, पावसाचं, नाहीतर तोडणाऱ्या बाईचं.

दुसऱ्या दिवसापासून ती दोनदा कापायला लागली. पहिला काप फांदीपासून सोडवायला. मग फळ तळहातावर घ्यायचं, कात्रीची पाठ फळाला टेकवायची, टोक आभाळाकडे ठेवायचं आणि दुसरा काप असा द्यायचा, की देठ फळाच्या खांद्याशी सपाट झाला पाहिजे. बोट फिरवलं तर लागता कामा नये.

दोन काप म्हणजे दुप्पट वेळ. बायकांच्या सहा टोपल्या व्हायच्या तेव्हा हिच्या चार. मजुरी टोपलीवर. बायका हसून बेजार. "आली गं आली, दोनकापी आली! आता झाड म्हातारं होईपर्यंत हिची टोपली भरतेय!" मुकादम म्हणायचा, "बाई, संत्रं आहे ते. त्याची हजामत कसली करतेस?" तिने कोणाला उत्तर दिलं नाही. तिचा राग तेव्हाही नाकावरच असायचा, पण हात चालू असला की तो हातात उतरायचा.

हंगाम संपल्यावर पाच आठवड्यांनी गोदाम उघडलं. तिच्या पेट्या जशाच्या तशा, काल तोडल्यासारख्या. बागेचे थोरले मालक स्वतः आले. त्यांनी एक संत्रं उचललं, फिरवलं, देठावरून अंगठा नेला आणि म्हणाले, "हं."

पुढच्या हंगामापासून सगळ्या बागेला दोन कापांची सक्ती झाली. बायकांनी तिला शिव्या घातल्या आणि तिच्याचकडून शिकून घेतलं. त्या एका 'हं'पलीकडे तिला काही मिळालं नाही. पण हिणवायचं नाव हळूहळू मानाचं झालं. नवी बाई कामाला आली की मुकादम सांगायचा, "दोनकापीकडे पाठवा तिला, पंधरा दिवस." पेटीवर खडूने तिची खूण दिसली, की गोदामवाला ती उघडूनही बघत नसे. सगळ्या जन्मात तिने कमावलेली इस्टेट ती एवढीच. आणि दुसरी म्हणजे तो वाकडा अंगठा. कात्री दाबून दाबून उजव्या हाताचा अंगठा मधल्या पेरात असा बाहेर वळला होता, की वाटावं तो कोणाला तरी दार दाखवतोय. चार वर्षांपूर्वी त्या अंगठ्यातून कात्री एकाच दिवसात दोनदा गळाली. तिसऱ्यांदा गळायची वाट न पाहता तिने काम सोडलं.

रविवारी सकाळी सातला ते बागेच्या दाराशी पोचले. गवत दवाने ओलंचिंब होतं. झाडांच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. जिथे पेट्या भरायची शेड होती तिथे आता कॉफीचं दुकान होतं, आणि तोलायच्या काट्यावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. दाराशी गवती टोपी घातलेली एक मुलगी माइकवर ओरडत होती, "सुप्रभात! पहाटेची, दवात भिजलेली, ताजी ताजी संत्री! फळ हातात घट्ट धरा, गोल फिरवा आणि ओढा!"

दोनकापी जागच्या जागी थांबली.

"काय म्हणाली ती?"

"गोल फिरवा आणि ओढा," वकिलाने जसंच्या तसं सांगितलं.

"दवात?"

"दवात भिजलेली ताजी ताजी, असं म्हणाली."

"अगं, दव वाळल्याशिवाय झाडाला बोट लावायचं नाही! साल पाणी पिऊन टरारलेली असते. दाबलं की तिच्यातलं तेल फुटतं आणि दोन दिवसांनी भाजल्यासारखा डाग पडतो. आम्ही नऊ वाजेपर्यंत पारावर बसून राहायचो, मुकादम चरफडायचा तरी उठायचो नाही. आणि ही बया लोकांना पहाटे उठवून नासधूस करायला बोलावतेय, वर त्याचं तिकीट!"

"आई, हळू," मुलगा म्हणाला. त्याने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. संत्री तोडायला इस्त्रीचा शर्ट कशाला, हे दोनकापीच्या मनात आलं. पण तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आवाज आला आणि ती तिकडे वळली. फळ ओढल्यावर साल फाटते तेव्हा होतो तो आवाज. कापड फाटल्यासारखा, फक्त ओला. झोपेतही तिने तो ओळखला असता.

पोट पुढे आलेले एक गृहस्थ संत्रं ओढून काढत होते. फळ हातात आलं. सालीचा रुपयाएवढा तुकडा मात्र देठाला लटकत झाडावरच राहिला.

"अहो, टोपी वरच राहिली की त्याची!" दोनकापी ओरडली.

गृहस्थांनी आपल्या डोक्याला हात लावला. "माझी?"

"तुमची नाही, संत्र्याची! बघा, उघडं पडलं ते. उद्या सडणार, आणि पिशवीतल्या बाकीच्यांनाही सडवणार."

"मावशी, तिकीट काढलंय आम्ही."

"तुम्ही काढलंय. झाडाने काढलंय का?"

गृहस्थांची बायको फसकन हसली. गृहस्थ मात्र ओशाळले, आणि पुढचं संत्रं त्यांनी इतक्या हलक्या हाताने धरलं, जणू ते चावणार आहे. दोनकापी पुढे निघाली. रांगेरांगेत तोच आवाज. पोरं फांद्यांना लोंबकळत होती. एका बाईने फोटोसाठी फळांसकट अख्खी डहाळी मोडून कानामागे खोचली होती. दोनकापीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या घरात परक्यांनी शिरून कपाटं उचकटावीत आणि आपण दाराशी पिशवी धरून उभं राहावं, तसं तिला झालं. ही झाडं तिला एकेक करून माहीत होती. तिसऱ्या रांगेतलं ते कडेचं दर दोन वर्षांनी रुसायचं. पाण्याच्या टाकीजवळचं आंबट, पण टिकायला पक्कं.

"आजी, हे बघ!" वकिलाने हाक मारली.

टाकीजवळ एक मोठा चकचकीत फलक उभा केला होता, माणसाच्या दीडपट उंच. वकिलाने कमरेवर हात ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आमचं गुपित. आमची संत्री पाच आठवडे ताजी कशी राहतात? कारण दोन कापांची पद्धत! आमच्या थोरल्या मालकांनी अनेक वर्षं अभ्यास करून ही पद्धत शोधली आणि कामगारांना शिकवली."

खाली थोरल्या मालकांचा छोटा गोल फोटो होता. आणि बाकीच्या सगळ्या फलकावर दोन हात. डाव्या तळहातावर संत्रं, उजव्या हातात कात्री, दुसरा काप द्यायच्या बेतात.

वकील फलकाजवळ सरकली. मग तिने आजीचा उजवा हात धरला, वर उचलला, एकदा हाताकडे आणि एकदा फलकाकडे पाहिलं.

"हा अंगठा तुझा आहे."

दोनकापीने चष्मा पुसला. अंगठा तिचाच होता. मधल्या पेरात वळलेला, दार दाखवणारा. नखाखालचा जुना व्रणसुद्धा होता. आणि तिला तो दिवस आठवला. दहाएक वर्षांपूर्वी एक कॅमेरेवाला आला होता. तिला टाकीजवळ उभं करून त्याने अर्धा तास एकच संत्रं धरायला लावलं. हाताला मुंग्या आल्या. ती काय होतंय ते बघायला वाकली, तेव्हा तो म्हणाला होता, "तोंड जरा बाजूला घ्या, बाई. सावली पडतेय." तिने तोंड बाजूला घेतलं होतं. तिला वाटलं होतं, पुढचा फोटो तोंडाचा काढतील.

"अनेक वर्षं अभ्यास करून," ती हळूच म्हणाली. "या माणसाने जन्मात एक 'हं' केलं. त्याचा हा अभ्यास?"

"आई, राहू दे ना," मुलगा घाईघाईने जवळ आला. "फिरायला आलोय आपण."

"अरे, हात माझे आहेत!"

"असू देत. कोणाला कळतंय?"

"वकिलाला कळलं. नऊ वर्षांच्या पोरीला कळलं, आणि तुला कळत नाही? याच हातांचं खाऊन मोठा झालास ना तू?"

मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आई, ऐक. पुढच्या आठवड्यापासून बागेचा माल शहरात पोचवायला गाडी हवीय त्यांना. धाकट्या मालकांशी बोलणं झालंय माझं. आज पक्कं करणार आहेत. म्हणाले, आईला घेऊन ये. जुनी माणसं बागेत दिसली की लोकांना बरं वाटतं."

दोनकापीने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. आता कळलं.

"म्हणजे मला बाग दाखवायला नाही आणलंस. बागेला मी दाखवायला आणलंस."

"मला म्हणालास आईंना फिरवून आणू!" सून नवऱ्यावर उसळली. "तिकिटं मी काढली, माझ्या सुट्टीच्या दिवशी! आणि तुझं हे ठरलेलं?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे," वकील म्हणाली.

पुढचं भांडण तिथेच रंगलं असतं, पण तेवढ्यात धाकटे मालक आले. दोनकापीने त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलं होतं. नाक पुसायला तिचाच रुमाल मागायचे. आता मनगटावर मोठं घड्याळ होतं आणि मागे एक फोटोग्राफर.

"वा वा! याच का त्या? या, आजी, या. किती वर्षं होता आपल्याकडे?"

"एकतीस."

"ऐकलंत?" ते गोळा झालेल्या लोकांकडे वळले. "एकतीस वर्षं! माझ्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेली माणसं ही." मग त्यांनी माइकवाल्या मुलीकडून माइक घेतला आणि दोनकापीच्या हातात दिला. "चार शब्द बोला, आजी. वडिलांनी तुम्हाला दोन काप कसे शिकवले, तेवढंच सांगा. लोकांना आवडतं."

माइक थंडगार होता. दोनकापीने मुलाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं. शाळेची सहल निघालेली, पैसे नव्हते, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तेव्हा तिने टोपल्यांवर टोपल्या भरून त्याला पाठवलं होतं. आता तर फक्त चार शब्द हवे होते. त्यात काय जातंय? मेलेल्या माणसाच्या नावावर आणखी एक गोष्ट. लेकाच्या गाडीखालचं गवत तरी निघेल.

तिने घसा खाकरला.

"थोरले मालक चांगले होते," ती म्हणाली. हे खरंच होतं. "शेडला पत्रे घातले त्यांनी. आधी आम्ही पावसात भिजायचो."

"छान, छान," धाकटे मालक म्हणाले. "आणि दोन काप?"

"दोन काप..." ती अडखळली. गिळू की थुंकू, असं त्या शब्दांचं झालं होतं. तिने मनाशी वाक्य जुळवलं. त्यांनीच शिकवले. दोन शब्द. बोलून टाकायचे आणि घरी जायचं. तिने तोंड उघडलं.

"एक मिनिट," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "बाई, जरा बाजूला व्हा. फलकावरचे हात झाकले जातायत तुमच्यामुळे."

दोनकापीने तोंड मिटलं.

मग तिने पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून कात्री काढली आणि उजवा हात वर करून फलकावरच्या हाताच्या शेजारी टेकवला. अंगठ्याला अंगठा लावून.

"कुणामुळे झाकले जातायत?" ती माइकमध्ये म्हणाली, आणि टाकीपर्यंत आवाज घुमला. "हे हात माझे आहेत. मी बाजूला झाले तर फलकावर उरणार काय? एकदा झाले होते बाजूला. दहा वर्षांपूर्वी. तेव्हा तोंड बाजूला घ्या म्हणाले, घेतलं. आता हातही बाजूला घ्या म्हणतात! थोरले मालक चांगले होते, पण त्यांनी मला पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगू? 'हात चालव.' दुसऱ्या दिवशी? 'अजून चालव.' दोन काप मी सडक्या पेटीजवळ बसून शिकले. नाकाला रुमाल बांधून. बागेने मला नाव ठेवलं दोनकापी, ते काय उगाच? विचारा कुणाही जुन्या बाईला!"

"माझी साक्ष आहे!" वकील ओरडली. "अंगठा बघा!"

मग ते पोटवाले गृहस्थ पुढे आले. फलकाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. "च्यायला, खरंच की," ते म्हणाले. आणि मग, अगदी शाळकरी पोरासारखं, "मावशी, म्हणजे ओढायचं नाही का?"

"जन्मात ओढायचं नाही! आणि दव वाळेपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही. बसा सगळे खाली. नऊ वाजता दाखवते."

आणि लोक खरंच बसले. तिकीट काढून आलेले, चांगल्या कपड्यातले लोक ओल्या गवताच्या कडेला कट्ट्यावर बसून राहिले. नऊ वाजता तिने दाखवलं. कात्री एकच होती, ती हातोहात फिरली. एरवी खणाबाहेर न निघणारी कात्री तिने त्या दिवशी अनोळखी माणसांच्या हातात दिली, आणि एकेकाच्या मनगटावर चापटी मारत, "पाठ फळाकडे! टोक आभाळाकडे! आभाळ कुठे असतं माहीत आहे ना?" असं ओरडत राहिली.

धाकटे मालक शेवटपर्यंत हसत उभे होते. हसू दातांवर होतं, वर सरकत नव्हतं. निघताना त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडीचं बघू हं. कळवतो." आणि दोनकापीला बागेतर्फे एक भेटपिशवी दिली, पहाटे ओढून काढलेल्या संत्र्यांची.

परतीच्या वाटेवर पूल आला.

"चार शब्द होते, आई," मुलगा समोर बघतच म्हणाला. "फक्त चार."

"माझ्याकडेही तेवढेच होते रे," दोनकापी म्हणाली.

मालकांनी काही कळवलं नाही. आठवड्याने समजलं, की काम दुसऱ्याच गाडीला गेलं. मुलगा आईशी बोलेना. बोलायचंच झालं तर वकिलाच्या मार्फत. "आजीला सांग, पाणी तापलंय." दोनकापीचा रागही काही कमी नव्हता. सून दोघांच्या मध्ये ताट वाढत राहिली. एकदा मात्र तिने सासूच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं केलंत." मुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

फडताळात दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या. एक भेटीची. दुसरी वकिलाची, अकरा संत्र्यांची, प्रत्येकाला दोन काप. तिसऱ्या दिवशी भेटीच्या संत्र्यांवर तपकिरी डाग उमटले. आठव्या दिवशी बुरशी धरली. बाराव्या दिवशी मुलानेच ती पिशवी उचलून केराच्या बादलीत रिकामी केली. मग तो दुसऱ्या पिशवीकडे वळला. एक संत्रं काढून त्याने देठावरून बोट फिरवलं. लागलं नाही. त्याने ते सोललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं आईच्या पुढ्यात ठेवलं. दोनकापीनेही ते खाल्लं. एवढ्याने राग जातो असं नाही. पण निदान तोंड चालू झालं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सुनेचा फोन वाजला. दवाखान्यातली तिची मैत्रीण बागेत गेली होती, तिने फलकाचा फोटो पाठवला होता. सुनेने तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

"काय आहे?" मुलाने विचारलं.

"काही नाही."

"पुरावा लपवायचा नाही," म्हणत वकिलाने फोन उलटला.

फलक तोच होता. मजकूर तोच, गुपित तेच, थोरल्या मालकांचा अभ्यासही तोच. फक्त हात बदलले होते. आता तिथे गोरे, गुळगुळीत, एक रेघ नसलेले हात होते, आणि मनगटावर मोठं घड्याळ. तिचं नाव लिहावं लागू नये म्हणून तिचा अंगठाच काढून टाकला होता.

मुलाच्या मानेची शीर ताठ झाली. त्याने आईकडे पाहिलं. आता ती रडेल, की शिव्या देईल, याचा त्याला अंदाज येईना. दोनकापीने चष्मा मागितला, फोन हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब धरला. तिच्या नाकपुड्या फुलल्या.

"उलटी धरलीय!"

"काय?"

"कात्री! टोक फळाकडे केलंय मेल्याने! पाठ वर, टोक फळात! अरे, अभ्यास बापाचा, बाग बापाची, नाव बापाचं, माझा अंगठासुद्धा खाल्ला, खाल्ला तर खाल्ला. पण एवढा मोठा फोटो लावायचा आणि त्यात कात्री उलटी? शेकडो माणसं रोज बघणार ते! बघून तशीच धरणार! प्रत्येक फळाला भोक!" ती उठून उभी राहिली. "गाडी काढ."

"आई, आता?"

"बाग कितीला बंद होते?"

"सहाला," सून म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

मुलगा उठला, स्वयंपाकघरात गेला, खण उघडला आणि चमच्यांच्या मागून फडक्यात गुंडाळलेली कात्री स्वतःच्या हाताने काढली. दोनकापीने ते पाहिलं. कायदा मोडल्याबद्दल ती काही बोलली नाही.

"नीट धर," तेवढं म्हणाली. "टोक वर."